व्हर्साय ते म्युनिक: दोन महायुद्धांमधल्या युरोपबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इतिहासाच्या अभ्यासवर्गात दोन महायुद्धांमधला युरोप शिकवायला घेतला की वर्ग संपल्यावरही प्रश्न येत राहतात. स्पर्धा परीक्षा देणारी मुलं विचारतात, त्यांचे पालक विचारतात, निवृत्तीनंतर हौसेनं वाचणारी मंडळी तर फार बारकाईनं विचारतात. त्यातले पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी आहेत, अडचणीचे नंतर. एका उत्तरात आलेलं दुसऱ्यात परत सांगितलेलं नाही, तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

वाचताना एकच गोष्ट मनाशी धरा, अशी माझी विनंती. प्रत्येक तहाच्या वेळी बघा, जमीन कोणाची होती, आणि तो देश बोलणी चाललेल्या खोलीत होता का? हा काळ मला स्वतःला उलगडला तो याच प्रश्नातून.

१. हा काळ नेमका कधीपासून कधीपर्यंत धरायचा?

पाठ्यपुस्तकं ११ नोव्हेंबर १९१८ ते १ सप्टेंबर १९३९ असा धरतात आणि परीक्षेला तेवढं पुरतं. पण ११ नोव्हेंबरला तोफा थांबल्या त्या पश्चिम आघाडीवर. पोलंड आणि सोव्हिएत रशिया यांच्यातलं युद्ध मार्च १९२१ मध्ये रीगाच्या तहानं मिटलं. ग्रीस आणि तुर्कस्तान १९२२ पर्यंत लढत होते. वॉर्सातल्या किंवा इझमीरमधल्या माणसाच्या लेखी ‘युद्धानंतरचा काळ’ पॅरिसपेक्षा कितीतरी उशिरा सुरू झाला.

२. ‘व्हर्सायचा तह’ आणि ‘पॅरिस शांतता परिषद’ एकच ना?

नाही. परिषद एक, तिच्यातून निघालेले तह पाच. जर्मनीशी व्हर्साय (२८ जून १९१९), ऑस्ट्रियाशी सां-जर्मां (सप्टेंबर १९१९), बल्गेरियाशी न्योयी (नोव्हेंबर १९१९), हंगेरीशी त्रियानों (जून १९२०) आणि ऑटोमन तुर्कस्तानशी सेव्र (ऑगस्ट १९२०). यातला सेव्रचा तह तुर्कांनी लढून मोडीत काढला आणि जुलै १९२३ मध्ये लोझानला नवा तह करायला लावला. हरलेल्या देशानं दुसऱ्यांदा समोर बसून वाटाघाटी केल्या, असं या पाचांत एकदाच घडलं.

व्हर्सायच्या तहावर हिंदुस्थानच्या वतीनंही सह्या आहेत. एक भारतमंत्री माँटेग्यू यांची, दुसरी बिकानेरचे महाराजा गंगासिंह यांची.

३. व्हर्सायचा तह एवढा जाचक होता म्हणूनच दुसरं महायुद्ध झालं, असं उत्तर लिहिलं तर चालेल का?

अर्धे गुण मिळतील. तह जाचक होता यात शंका नाही. जर्मनीचं सैन्य एक लाखावर आणलं गेलं, विमानदल बंद झालं, फ्रान्सच्या सीमेलगतच्या ऱ्हाइनलँडमध्ये सैन्य ठेवायला मनाई झाली. कलम २३१ नं युद्धातल्या हानीची जबाबदारी जर्मनी आणि त्याच्या मित्रांवर टाकली. त्याहूनही जास्त झोंबली ती पद्धत. मे १९१९ मध्ये मसुदा हातात ठेवला आणि हरकती लेखी द्या म्हणून सांगितलं. समोरासमोर चर्चा झालीच नाही. आणि सह्या झाल्या त्या व्हर्सायच्या आरसेमहालात, जिथे १८७१ मध्ये जर्मन साम्राज्याची घोषणा झाली होती.

पण तराजूचं दुसरं पारडंही पाहा. याच जर्मनीनं मार्च १९१८ मध्ये ब्रेस्ट-लिटोव्हस्कला रशियावर लादलेला तह याहून कितीतरी कठोर होता. १९१९ नंतरही जर्मनी एकसंध राहिला आणि त्याच्या पूर्वेला बलाढ्य साम्राज्यांच्या जागी लहान, नवी राष्ट्रं आली. आणि तहाचा राग हेच एकमेव कारण असतं, तर मे १९२८ च्या निवडणुकीत हिटलरच्या पक्षाला जेमतेम २.६ टक्के मतं का पडली असती? सप्टेंबर १९३० मध्ये ती १८.३ टक्क्यांवर गेली. मधल्या काळात तह बदलला नव्हता, जागतिक मंदी आली होती.

४. जर्मनीवर किती खंडणी लादली आणि तिचं पुढे काय झालं?

मे १९२१ मध्ये आकडा ठरला तो १३,२०० कोटी सुवर्ण मार्कांचा. या रकमेचे तीन गट केले होते. पहिल्या दोन गटांचे ५,००० कोटी खरोखर वसूल करायचे होते. उरलेला मोठा तिसरा गट कागदावरच राहणार, हे ठरवणाऱ्यांनाही ठाऊक होतं. फ्रान्स आणि ब्रिटनमधल्या मतदारांचं समाधान व्हावं म्हणून तो आकडा फुगवलेला होता.

हप्ते थकले म्हणून जानेवारी १९२३ मध्ये फ्रान्स आणि बेल्जियमनं रूर खोरं ताब्यात घेतलं. तिथल्या कामगारांनी काम बंद केलं, सरकार नोटा छापून त्यांना मजुरी देत राहिलं, आणि नोव्हेंबरपर्यंत एका डॉलरला ४.२ लाख कोटी मार्क मोजायची वेळ आली. मग हप्ते सोयीचे करणाऱ्या १९२४ ची डॉझ योजना आणि १९२९ ची यंग योजना, हप्ते तात्पुरते थांबवणारी १९३१ ची हूव्हर स्थगिती, आणि १९३२ मध्ये लोझानच्या परिषदेत (प्र. २ मधला लोझानचा तह वेगळा) खंडणीचा विषय जवळपास संपला. या योजनांसाठी काढलेल्या कर्जरोख्यांचं थकलेलं व्याज मात्र जर्मनी नंतरही फेडत होता. त्याचा शेवटचा हप्ता ३ ऑक्टोबर २०१० ला गेला.

५. राष्ट्रसंघ आणि संयुक्त राष्ट्रं यांत फरक काय? आणि पारतंत्र्यातला हिंदुस्थान राष्ट्रसंघाचा सभासद कसा?

राष्ट्रसंघ जानेवारी १९२० मध्ये सुरू झाला, मुख्यालय जिनिव्हात. महत्त्वाच्या निर्णयांना सर्वांची संमती लागायची. स्वतःचं सैन्य नव्हतं. अमेरिकेचे अध्यक्ष विल्सन यांनी या संस्थेसाठी जीव टाकला होता, पण त्यांच्याच देशाच्या सेनेटनं तह फेटाळला आणि अमेरिका बाहेर राहिली. जर्मनी १९२६ मध्ये आला आणि १९३३ मध्ये निघून गेला. सोव्हिएत संघ १९३४ मध्ये आला आणि फिनलंडवरच्या हल्ल्यामुळे डिसेंबर १९३९ मध्ये हाकलला गेला. सगळ्या महासत्ता एकाच वेळी सभासद आहेत असा एकही दिवस या संस्थेच्या वाट्याला आला नाही.

हिंदुस्थाननं व्हर्सायच्या तहावर सही केली होती, म्हणून तो संस्थापक सभासद झाला. प्रतिनिधी अर्थातच ब्रिटिश सरकार निवडायचं. १९३७ मध्ये राष्ट्रसंघाच्या आमसभेचे अध्यक्ष झाले ते तिसरे आगाखान. पुण्याचा आगाखान पॅलेस त्यांनीच बांधलेला. गांधीजी आणि कस्तुरबा जिथे स्थानबद्ध होते ती वास्तू आपण सगळेच पाहून येतो, पण तिच्या मालकानं जिनिव्हात जगाच्या सभेचं अध्यक्षपद भूषवलं होतं हे फारसं कोणी सांगत नाही.

६. राष्ट्रसंघाला एकही यश मिळालं नाही का?

मिळाली की, आणि ती विसरणं अन्यायाचं आहे. ओलांड बेटांवरून स्वीडन आणि फिनलंड भांडत होते. १९२१ चा निवाडा दोघांनी मानला आणि तो आजही टिकून आहे. ऑक्टोबर १९२५ मध्ये ग्रीक सैन्य बल्गेरियात घुसलं तेव्हा फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री ब्रियां यांनी राष्ट्रसंघाची परिषद तातडीनं बोलावली, ग्रीसला मागे फिरावं लागलं आणि ४५,००० पौंडांची भरपाई द्यावी लागली. रशियातून परागंदा झालेल्या, कुठल्याच देशाचे न राहिलेल्या लोकांना १९२२ पासून नान्सेन पासपोर्ट मिळाले. जानेवारी १९३५ मध्ये सार प्रांतात आंतरराष्ट्रीय सैन्याच्या देखरेखीखाली शांततेत सार्वमत झालं. नव्वद टक्क्यांहून जास्त लोकांनी जर्मनीच्या बाजूनं मत दिलं, हा भाग वेगळा.

ग्रीसच्या प्रकरणाशेजारी १९२३ ठेवून पाहा. तेव्हा मुसोलिनीनं ग्रीसच्या कोर्फू बेटावर तोफा डागल्या, आणि शेवटी ५ कोटी लिरा भरावे लागले ते ग्रीसलाच. लहान देश चुकला तर त्याच्याकडून भरपाई, मोठा चुकला तरी भरपाई लहानाकडूनच. ग्रीक लोकांनी हे दोन वर्षांच्या अंतरानं दोन्ही बाजूंनी भोगलं.

७. रापालोचा तह कशासाठी लक्षात ठेवायचा?

युरोपनं वाळीत टाकलेले दोन देश एकत्र आले म्हणून. एप्रिल १९२२ मध्ये जिनोआला मोठी आर्थिक परिषद चालू असताना जर्मनी आणि सोव्हिएत रशियाचे प्रतिनिधी जवळच्या रापालो गावात भेटले, परस्परांवरचे आर्थिक दावे सोडून दिले आणि संबंध जोडले. सही करणारे जर्मन परराष्ट्रमंत्री राथेनाऊ यांचा दोनच महिन्यांत बर्लिनमध्ये खून झाला. १९३९ च्या कराराची (प्र. १४) बातमी आली तेव्हा अनेकांना आधी रापालो आठवलं.

८. लोकार्नोला ‘शांततेची पहाट’ म्हणतात आणि काही जण ‘युद्धाचं बीज’ही म्हणतात. खरं काय?

दोन्ही, आणि म्हणूनच या प्रश्नावर मी जास्त वेळ घेतो.

ऑक्टोबर १९२५. स्वित्झर्लंडच्या दक्षिण टोकाला माजोरे सरोवराकाठचं लहानसं गाव. जर्मनीचे स्ट्रेसमान, फ्रान्सचे ब्रियां आणि ब्रिटनचे ऑस्टिन चेंबरलेन तिथे समान पातळीवर बसले. व्हर्सायला जर्मनांना नाकारलेली खुर्ची इथे मिळाली. अडलेली बोलणी पुढे सरकली ती एका छोट्या बोटीवर. १० ऑक्टोबरला ही मंडळी सरोवरावर फेरफटक्याला गेली आणि टेबलापाशी न सुटलेले मुद्दे पाण्यावर सुटले. बोटीचं नाव होतं ‘फिओरे दारान्चो’, म्हणजे संत्र्याचं फूल. १६ तारखेला करार झाल्याचं कळताच गावात जल्लोष झाला. तिघांनाही पुढे शांततेचं नोबेल मिळालं.

आता करार वाचा. जर्मनीच्या फ्रान्स आणि बेल्जियमबरोबरच्या सीमा कायम, ऱ्हाइनलँड सैन्यमुक्त, आणि या सगळ्याला ब्रिटन व इटली हमीदार. आणि पोलंड, चेकोस्लोव्हाकियाबरोबरच्या सीमा? त्यांच्यासाठी फक्त लवादाचे करार. त्या सीमा जर्मनीनं मान्य केल्या नाहीत आणि ब्रिटननं त्यांना हमीही दिली नाही. फ्रान्सनं या दोघांशी वेगळे मदतीचे करार केले, पण ते फ्रान्सच्या एकट्याच्या बळावर. ‘पोलिश कॉरिडॉर’साठी, म्हणजे पोलंडला समुद्रापर्यंत नेणाऱ्या पट्ट्यासाठी, कोणतंही ब्रिटिश सरकार एकाही ब्रिटिश सैनिकाची हाडं धोक्यात घालणार नाही, असं ऑस्टिन चेंबरलेन यांनी त्याच वर्षी एका पत्रात लिहून ठेवलं होतं.

पोलंडचे स्क्शिन्स्की आणि चेकोस्लोव्हाकियाचे बेनेश लोकार्नोला आले होते. मुख्य बोलणी आटपेपर्यंत त्यांना बाहेर थांबावं लागलं. शेवटी आत बोलावलं तेव्हा सह्यांचंच काम उरलं होतं.

माझं मत असं: लोकार्नो खोटं नव्हतं. या माणसांना युद्ध नको होतं आणि पुढची चार वर्षं युरोपनं मोकळा श्वास घेतला. पण पश्चिमेच्या सीमा पक्क्या आणि पूर्वेच्या बोलणीजोग्या, अशी दोन प्रकारची शांतता तिथे लेखी झाली. पुढच्या प्रत्येक संकटात कोणी ना कोणी हा फरक वापरला.

९. ऑस्टिन आणि नेव्हिल चेंबरलेन एकच का?

नाही, सावत्र भाऊ. वडील एक, जोसेफ चेंबरलेन. लोकार्नोचे ते ऑस्टिन, म्युनिकचे ते नेव्हिल. ऑस्टिन मार्च १९३७ मध्ये वारले, त्यामुळे म्युनिक त्यांनी पाहिलं नाही.

१०. युद्धच बेकायदा ठरवणारा १९२८ चा करार म्हणजे निव्वळ कागद ना?

ऑगस्ट १९२८ मध्ये पॅरिसला झालेल्या केलॉग–ब्रियां करारावर पहिल्याच दिवशी १५ सह्या झाल्या, त्यांत हिंदुस्थानचीही होती. मोडणाऱ्याला शिक्षा काय, हे त्यात नव्हतं, म्हणून त्याची टर उडवली गेली. पण १९४५ नंतर न्यूरेंबर्गच्या खटल्यात ‘आक्रमक युद्ध हा गुन्हा’ हे म्हणायला कायद्याचा जो आधार घेतला गेला त्यात हाच करार होता. त्याला निव्वळ कागद म्हणवत नाही.

११. अल्पसंख्याकांच्या संरक्षणाचे करार होते, तरी जर्मनीतल्या ज्यूंना राष्ट्रसंघ वाचवू का शकला नाही?

कारण ते करार नव्या आणि लहान देशांवर लादलेले होते. पोलंड, चेकोस्लोव्हाकिया, रुमानिया, युगोस्लाव्हिया यांनी आपल्या अल्पसंख्याकांबद्दल जिनिव्हाला उत्तर द्यायचं. जर्मनीवर मात्र असं सर्वसाधारण बंधन नव्हतं.

याला एक अपवाद होता. अपर सायलेशियाची वाटणी झाल्यावर जर्मनी आणि पोलंड यांनी १९२२ मध्ये त्या भागापुरता १५ वर्षांचा करार केला होता. तिथे फ्रान्झ बर्नहाइम नावाचा एक ज्यू कर्मचारी १९३३ मध्ये केवळ ज्यू म्हणून नोकरीवरून काढला गेला. त्यानं राष्ट्रसंघाकडे अर्ज केला. अर्ज टिकला, जर्मनीला नमतं घ्यावं लागलं आणि त्या एका पट्ट्यात ज्यूविरोधी कायदे थांबले, करार जुलै १९३७ मध्ये संपेपर्यंत. एका सामान्य नोकरदाराच्या अर्जानं हिटलरचे कायदे काही वर्षं अडवून धरले, हे मी वर्गात सांगतो तेव्हा कोणी पटकन विश्वास ठेवत नाही.

दुसरा मार्ग होता लोकसंख्येच्या अदलाबदलीचा. ग्रीस आणि तुर्कस्तान यांनी १९२३ मध्ये तो सक्तीनं अमलात आणला आणि दहा लाखांहून अधिक माणसं मुळासकट उपटली गेली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पाकिस्तानच्या प्रश्नावरच्या आपल्या ग्रंथात या अदलाबदलीचा आणि चेकोस्लोव्हाकियाच्या विघटनाचाही दाखला घेतला आहे. त्यांचं ते विवेचन वाचायचं तर हा इतिहास आधी माहीत हवा.

१२. अबिसीनिया तर आफ्रिकेत. मग युरोपच्या मुत्सद्देगिरीत त्याला एवढं महत्त्व का?

कारण राष्ट्रसंघाचा कणा तिथे मोडला. अबिसीनिया, म्हणजे इथिओपिया, १९२३ पासून सभासद होता. ३ ऑक्टोबर १९३५ ला इटलीनं हल्ला केला आणि राष्ट्रसंघानं आर्थिक निर्बंध लावले. यादीत तेल नव्हतं. सुएझ कालवा खुला राहिला आणि इटलीची सैन्यवाहू जहाजं त्यातूनच गेली. हिटलरविरुद्ध मुसोलिनी आपल्या बाजूला राहावा, ही ब्रिटन-फ्रान्सची धडपड होती. डिसेंबरमध्ये ब्रिटनचे होर आणि फ्रान्सचे लाव्हाल या दोन परराष्ट्रमंत्र्यांनी इथिओपियाचा मोठा भाग इटलीला देण्याची योजना आखली. पॅरिसच्या वृत्तपत्रांनी ती फोडली, लोक खवळले आणि होर यांना जावं लागलं.

३० जून १९३६ ला राज्य गमावलेले सम्राट हैले सेलासी जिनिव्हाच्या सभेत बोलायला उभे राहिले, तेव्हा इटालियन पत्रकारांनी शिट्ट्या वाजवून त्यांना बोलू दिलं नाही. सम्राट थांबले, पत्रकारांना बाहेर काढलं गेलं, मग ते आपल्या अम्हारिक भाषेत शांतपणे बोलले. जुलैत निर्बंध उठवले गेले. आणि मुसोलिनी शेवटी गेला हिटलरकडेच. दरम्यान ७ मार्चला हिटलरनं ऱ्हाइनलँडमध्ये सैन्य घुसवलं होतं, आणि लोकार्नोचा हमीदार ब्रिटन जागचा हलला नव्हता.

१३. म्युनिकला नेमकं काय घडलं? चेंबरलेन भित्रे होते का?

चेकोस्लोव्हाकियाच्या सीमाभागात, सुडेटनलँडमध्ये, सुमारे ३० लाख जर्मन भाषक राहत होते. देशाची तटबंदीही तिथल्याच डोंगरांत होती. हिटलरनं तो भाग मागितला. ब्रिटनचे ६९ वर्षांचे पंतप्रधान नेव्हिल चेंबरलेन सप्टेंबर १९३८ मध्ये तीनदा विमानानं जर्मनीला गेले. शेवटची खेप म्युनिकची. २९ सप्टेंबरला हिटलर, मुसोलिनी, चेंबरलेन आणि फ्रान्सचे पंतप्रधान दालादिए बसले. मुसोलिनीनं स्वतःचा म्हणून मांडलेला मसुदा जर्मन अधिकाऱ्यांनी लिहिलेला होता. सह्या मध्यरात्र उलटून गेल्यावर झाल्या.

चेकोस्लोव्हाकियाचे दोन प्रतिनिधी, राजदूत मास्तनी आणि परराष्ट्र खात्यातले मासार्जिक, त्या वेळी शहरातल्या एका हॉटेलात पहाऱ्यात बसून होते. त्यांना पहाटेकडे बोलावून कागद हातात दिला. उत्तर विचारलंच गेलं नाही. चेंबरलेन सारखे जांभया देत होते, असं मासार्जिक यांनी आपल्या अहवालात नोंदवलं. चेक लोकांत तेव्हापासून चारच शब्द फिरतात, ‘ओ नास बेझ नास’: आमच्याबद्दल, आमच्याविना.

भित्रे म्हणणं मला पटत नाही. पहिल्या महायुद्धाची आठवण ताजी होती, ब्रिटनची हवाई तयारी अपुरी होती, आणि त्यांचं स्वागत करायला लंडनचे रस्ते भरून वाहिले होते. त्यांची चूक वेगळी होती. म्युनिकच्या दोनच दिवस आधी त्यांनी रेडिओवर ‘दूरच्या देशातल्या, आपल्याला काही माहिती नसलेल्या लोकांचं भांडण’ असे शब्द वापरले होते. ज्यांना ते ओळखत नव्हते त्यांची तटबंदी त्यांनी देऊन टाकली. १५ मार्च १९३९ ला जर्मन फौजा प्रागमध्ये शिरल्या तेव्हा त्यांना अडवायला ती तटबंदी उरली नव्हती.

१४. ब्रिटन-फ्रान्सनं १९३९ मध्ये स्टालिनशी करार का नाही केला?

प्रयत्न केला, पण कसा ते पाहा. लष्करी शिष्टमंडळ ५ ऑगस्टला ‘सिटी ऑफ एक्झिटर’ या संथ बोटीनं निघालं आणि ११ तारखेला मॉस्कोत पोचलं. ब्रिटिश प्रमुख ॲडमिरल ड्रॅक्स यांच्याकडे करार करण्याचं लेखी अधिकारपत्रच नव्हतं. सोव्हिएत बाजूनं वोरोशिलोव्ह यांनी सरळ विचारलं की लाल सैन्याला पोलंडमधून जाऊ देणार का? पोलंडचा नकार होता, आणि त्याला रास्त कारण होतं: आलेलं सैन्य परत जाईल याची खात्री कोण देणार? जर्मनीचे परराष्ट्रमंत्री रिबेनट्रॉप मात्र विमानानं २३ ऑगस्टला आले आणि त्याच रात्री जर्मनी-सोव्हिएत करार झाला. त्याच्या गुप्त पुरवणीत पोलंडची आणि बाल्टिक देशांची वाटणी होती. ही पुरवणी अस्तित्वात होती हे सोव्हिएत संघानं डिसेंबर १९८९ पर्यंत मान्य केलं नाही.

१५. म्युनिकनंतर पोलंडनंही चेकोस्लोव्हाकियाचा लचका तोडला होता, हे खरं का?

खरं आहे. ऑक्टोबर १९३८ च्या सुरुवातीला निर्वाणीचा खलिता पाठवून पोलंडनं तेशेनचा भाग घेतला. नोव्हेंबरमध्ये हंगेरीनं दक्षिणेचा पट्टा मिळवला. पोलंडच्या पुढच्या यातना त्यानं कमी होत नाहीत, पण उत्तरात हे गाळूही नका.

१६. ब्रिटननं पोलंडला हमी दिली होती. मग १७ सप्टेंबर १९३९ ला सोव्हिएत सैन्य घुसलं तेव्हा ब्रिटननं रशियाशी युद्ध का पुकारलं नाही?

३१ मार्चची हमी जाहीर होती. २५ ऑगस्टच्या करारात ‘एखाद्या युरोपीय सत्तेनं’ हल्ला केल्यास मदत, असे शब्द होते. पण सोबतच्या गुप्त पुरवणीत स्पष्ट केलं होतं की युरोपीय सत्ता म्हणजे जर्मनी. त्यामुळे कायद्यानं ब्रिटन बांधलेला नव्हता. अशीच पळवाट मार्चमध्ये निघाली होती. म्युनिकनंतर उरलेल्या चेकोस्लोव्हाकियाला हमी द्यायचं ठरलं होतं, पण १४ मार्चला स्लोव्हाकियानं स्वातंत्र्य जाहीर केलं, तेव्हा हमी द्यायचा देशच राहिला नाही, असं चेंबरलेन यांनी दुसऱ्या दिवशी संसदेत सांगितलं.

१७. म्युनिक करार कायद्यानं रद्द कधी झाला?

टप्प्याटप्प्यानं. ब्रिटननं ऑगस्ट १९४२ मध्ये आपण त्याला बांधील नसल्याचं कळवलं, त्यानंतर सप्टेंबरच्या अखेरीस द गॉल यांच्या फ्रेंच समितीनंही. पश्चिम जर्मनीशी प्रश्न सुटायला ११ डिसेंबर १९७३ उजाडलं. अडचण अशी होती की करार पहिल्यापासूनच रद्द धरला, तर मधल्या वर्षांत सुडेटनलँडमधल्या लोकांना मिळालेल्या नागरिकत्वाचं काय, असे साधे पण टोकदार प्रश्न उभे राहत होते. म्हणून त्या दिवशी झालेल्या तहात म्युनिक करार रद्दबातल मानला, पण त्या काळात व्यक्तींच्या बाबतीत झालेले कायदेशीर परिणाम तसेच ठेवले. पश्चिम जर्मनीचे चॅन्सेलर विली ब्रांट सहीसाठी प्रागला आले. या वेळी कागदावर चेकोस्लोव्हाकियाचीही सही होती.